रामनाथचा अष्टमांश रुपया

चांदीचं नाणं टूथपेस्टने घासायचं नसतं, हे मला एक घासून झाल्यावर कळलं. छंद नवा, हौस दांडगी. पोर्तुगीज काळातला अर्धा रुपया नळाखाली धरून असा चकचकीत केला, की इतक्या वर्षांत त्याच्या अंगावर चढलेली छटा पाण्याबरोबर वाहून गेली आणि नाणं आम्हा संग्राहकांच्या भाषेत 'धुतलेलं' झालं. म्हणजे बाद. हा किस्सा मी बारशांत, मुंजींत इतक्यांदा सांगितलाय, की मी तोंड उघडण्याआधीच लोक हसतात.

आता सांगतो ते मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. स्वतःच्या फजित्या सांगणारा माणूस लोकांना प्रामाणिक वाटतो, आणि मी तेच वापरलं.

अष्टमांश रुपया पाहिलाय कधी? कुठून पाहणार! अंगठ्याच्या नखाएवढी चांदी, एका बाजूला पोर्तुगालच्या राजाचं डोकं. एकच वर्ष पाडला, मग बंद. बहुतेक हरवले, वितळले. उरले ते झिजून गुळगुळीत. माझ्याकडे एक होता. राजाचे केस थोडे झिजलेले, पण पेडण्यापासून डिचोलीपर्यंत आम्हा नाणीवेड्यांत त्याहून चांगला कुणाकडे नव्हता. माझं नाव निघालं की त्या नाण्याचं निघायचं. दुसरं निघण्यासारखं माझ्याकडे होतं तरी काय?

रामनाथ सुर्ल्याचा. खनिजाचे ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, चाकांभोवती गवत वाढलं. रिकामपणात माझ्याच नादाने तो नाणी जमवू लागला. त्याच्या नाण्यांना मी भंगार म्हणायचो. तोही हसायचा. आता वाटतं — मनापासून हसत असेल का?

एका संध्याकाळी तो पेडण्याला आमच्याकडे आला. पाय चिखलाने भरलेले. खिशातून रेशमी चिंधीची पुडी काढून बाल्कांवातल्या, म्हणजे आमच्या पुढच्या ओसरीवरच्या, टेबलावर ठेवली. "आवयच्या पेटयेत गावलां. बघ रे सदा, मी पाय धुवन येतंय," म्हणत विहिरीकडे गेला.

मी पुडी उघडली.

अष्टमांश. आणि कसा! राजाचा केस न् केस वेगळा. कडेने निळसर-तपकिरी वलय — घासून, रंगवून येत नाही ते, नुसतं पडून राहिल्यानेच येतं. टांकसाळीतून निघून थेट चिंधीत गेला असावा, मध्ये कुणाचं बोटही लागलं नसावं. "अरे वा!" माझ्या तोंडून निघून गेलं. नशीब, ऐकायला कुणी नाही — असं तेव्हा वाटलं.

पाय धुवायला वेळ तो किती? तेवढ्यात मी ठरवलं का? ठरवलं असं म्हणवत नाही. ठरवलं नाही, असं तरी कसं म्हणू? रामनाथ आला, बसला. मी भिंग लावलं, नाणं उजेडात तिरकं धरलं, मान हलवली.

"धुतलेलां हा रे."

"खरां?"

"टूथपेस्टवाल्याक विचारतंस?"

तो हसला. "तुका नाय कळणार तर कोणाक कळणार!" हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळे मात्र नाण्यावर. पणजीच्या प्रदर्शनात मांडायचं होतं त्याला. आयुष्यात एकदा माझ्यापेक्षा चांगलं काहीतरी त्याच्या हाताला लागलं होतं. "मगे ह्याचां काय करू?"

इथे तरी गप्प बसता आलं असतं. पण उद्या दुसऱ्या कुणी खरं सांगितलं तर? मी म्हटलं, "कडी लावन घे. नातीच्या गळ्यात शोभात." मी म्हटलं हे. त्याने नाही.

डिचोलीच्या सोनाराने राजाच्या डोक्यावरच कडी बसवली. जोडाची झाळ वितळून केसांवर पसरली. वलय गेलं, कारण देण्याआधी सोनाराने नाणं लखलखीत करून दिलं होतं. आता ते खरंच धुतलेलं होतं. मी खोटा ठरण्याची भीती संपली.

यंदा चवथीला आम्ही सुर्ल्याला गेलो. रामनाथची नात बालवाडीत जाते. आरती चालू असताना ती नाणं तोंडात घालून चघळत होती. रामनाथ पाहुण्यांना सांगत होता, "ह्या सदान वाचयल्यान माका, नायतर पणजेक माझी फजिती जाली असती." सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मग — काय करणार? — मी टूथपेस्टचा किस्सा सांगितला. सर्वांत मोठ्याने रामनाथच हसला.

माझा अष्टमांश आज या भागातला सर्वांत चांगला आहे. हे खोटं नाही. आता नाही.

घरी परतल्यावर बायकोने रामनाथच्या घरून दिलेल्या नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा बाल्कांवातल्या त्याच टेबलावर ठेवला. पदराने कपाळ पुसलं.

"त्या दिवशी पुडी उघडून तुमी 'अरे वा' म्हटल्यात," ती म्हणाली.

"कधी?"

"भावजी पाय धुवूक गेल्ले तेव्हा. मी चाय घेवन हय दारात होतंय."