लपवलेला खिळा

जाम गावच्या चौकाच्या थोडं पुढे धर्मेंद्रचं वर्कशॉप होतं. पाडलेल्या घरांचं सागवान आणायचं, त्यात संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनने नदीसारखी वळणावळणाची नाली कोरायची, तीत निळं रेझिन ओतायचं आणि ते काचेसारखं घट्ट झालं की घासून टेबल करायचं. हायवेवरची हॉटेलं अशी टेबलं आवडीने घेत.

तानबा सुतार तिथे तीन वर्षांपासून कामाला होता. वय बासष्ट. एकेकाळी आसपासच्या गावांत त्याच्या हातची दारं होती. आता दारं दुकानातून तयार येतात. वर्कशॉपमध्ये त्याला एकच काम होतं, जुन्या फळ्यांतले खिळे शोधायचं. मशीनचं फिरतं कोरायचं पातं, म्हणजे बिट, खिळ्यावर आदळलं की बिटही जातं आणि फळीही. तानबा फळीवर तळहात फिरवी, बोटाने ठोकून आवाज ऐके आणि शेवटी दोरीला बांधलेलं लोहचुंबक वरून नेई. त्याच्या हातून एकही खिळा सुटला नव्हता. मशीन चालवणारी अंकिता म्हणायची, "काका, तुमी हो म्हटल्याबिगर मी बटन दाबत नाई."

एका सकाळी कारंज्याहून टेम्पो आला. मालात एक मोठं दार होतं. कोपऱ्यांत वेल, मधे कमळ. तानबा जागीच थांबला.

"हे माह्या हातचं हाय," तो म्हणाला. "एकतीस वर्षं झाली."

दार सुटं केलं. मशीनवर फळ्या सपाट करताना वेलीचा भुसा झाला, कमळाचाही. तानबा बघत उभा राहिला. फळ्या चिकटवून तयार झाल्या, तेव्हा अंकिताने आठवण केली, "काका, चुंबक?"

"याले कायले? एक खिळा नाई याच्यात. सारं खाचेत बसवलं, लाकडाच्या मेखा मारल्या. चालू कर तू."

तिने बटन दाबलं. नाली अर्ध्यावर आली आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला. बिटचा तुकडा उडून पत्र्यावर आदळला. अंकिताने मशीन थांबवलं. फळी वीतभर फाटली होती.

तानबा वाकला. फाटलेल्या जागी कापलेला खिळा चमकत होता. त्याच्या डोक्यावर लाकडाची गोल डाट बुचासारखी बसवलेली, फळीच्या रेषेला रेष जुळवून. अशी डाट बसवणारा त्या भागात एकच माणूस होता.

एकतीस वर्षांपूर्वी, दाराच्या कामाचा तो शेवटचा दिवस. सेवाग्रामच्या दवाखान्यातून निरोप आला होता की बायकोला, नलूला, कळा सुरू झाल्या, लवकर या. नेमकी त्याच वेळी कोपऱ्यात फळी तडकली. तानबाने खिळा ठोकला. मग खिळा दिसतो म्हणून डाट कोरली, सरस लावला, वाळेपर्यंत दाबून धरली. त्यात तासभर गेला. तो पोचला तेव्हा नुकतीच जन्मलेली मुलगी गेली होती. थोडा वेळ श्वास घेत होती, असं नर्स म्हणाली. निरोपच उशिरा मिळाला, असं त्याने नलूला सांगितलं. सांगता सांगता ते त्यालाही खरं वाटू लागलं होतं, आणि त्यासोबत खिळाही तो विसरला होता.

धर्मेंद्र बाहेर आला. अंकिता घाईने म्हणाली, "मागून कोणी ठोकला असन तो."

"नाई," तानबा म्हणाला. "म्याच ठोकला."

धर्मेंद्र ओरडला नाही. तो फक्त म्हणाला, "काका, खिळे शोधाची मशीन भेटते आता. तुमी आराम करा." फाटलेल्या जागेतही त्यांनी रेझिन ओतलं. तिथे नदी जरा रुंद झाली, एवढंच. टेबल ठरल्या दिवशी हॉटेलात गेलं.

तानबा दुपारीच घरी आला. नलू तूर निवडत होती.

"काऊन जी, लवकर आले आज?"

"काम सुटलं."

"काऊन?"

"वय झालं म्हणते."

नलूने पाण्याचा गडवा त्याच्यापुढे ठेवला.

पुढे त्याने जाममध्ये दोन-तीन फर्निचरवाल्यांना विचारलं. सगळीकडे प्लायवूड. एकाने रात्रपाळीला चौकीदार म्हणून ये म्हटलं आणि दोन दिवसांनी तरुण माणूस ठेवला. नलू दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. तानबा घरी बसू लागला. रंधा आणि पटाश्या त्याने भंगारवाल्याला दिल्या. नलू वावरात होती, अडवायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

एका संध्याकाळी नलू वेचून आली आणि सुजलेली बोटं कोमट पाण्यात घालून बसली. तानबा तिच्याकडे पाहत होता.

"नलू, मले निरोप येळेवरच भेटला होता त्या दिवशी..."

"कोणत्या दिवशी?"

तिने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर दिवसभराच्या उन्हाखेरीज काही नव्हतं. हे सांगून आपलं ओझं तेवढं तिच्या डोक्यावर जाईल, आणि ती त्याचं तरी काय करणार, असं त्याला वाटलं.

"काई नाई," तो म्हणाला.

पाणी गार झालं तसं ती उठली आणि चूल पेटवायला गेली.