सांगलीत समुद्रतळाची वाटणी

विश्रामबागेतल्या एका विधी महाविद्यालयात मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतो. आमच्या इथून समुद्र पाच-सहा तासांवर. तरी अभ्यासक्रमात खोल समुद्रातलं खाणकाम आलं आणि प्राचार्यांनी मुलांची अभिरूप परिषद भरवायचं ठरवलं; एकेका मुलानं एकेका देशाचा प्रतिनिधी व्हायचं. समुद्राच्या तळाशी बटाट्याएवढे धातूंचे गोळे पडलेले असतात. कायद्यानं ते अख्ख्या मानवजातीच्या सामाईक मालकीचे. ते कुणी आणि कसे उचलायचे, हे आमच्या परिषदेनं एकमतानं ठरवायचं होतं.

देश वाटायचं काम माझ्याकडे होतं. ज्यांचं इंग्रजी बरं आणि ज्यांच्याकडे कोट, त्यांना मी मोठे देश दिले. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या मुलाला यंत्रवाला श्रीमंत देश मिळाला. दुपारचं जेवण त्याच्या वडिलांकडूनच होतं. जतकडच्या एका धनगराच्या मुलीला उरलेला देश दिला. गरीब, आणि समुद्रकिनारा नसलेला. ऐनवेळी खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा तिची खुर्ची पाहुण्यांना गेली आणि ती दारापाशी बाकावर बसली. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

व्यापाऱ्याच्या मुलानं झकास भाषण केलं. नियम यथावकाश होतील, आधी परवाना द्या, फायदा सगळ्या जगाचाच आहे. एकेक देश होकार देत गेला. मग ती उठली आणि तिनं हरकत घेतली. नियम झालेले नाहीत, वाटा ठरलेला नाही, उडालेल्या गाळानं काय काय मरेल ते ठाऊक नाही, मग परवाना कशाच्या जोरावर, असं तिचं म्हणणं.

एकमत झाल्याशिवाय जेवण नाही, असं प्राचार्यांनी सकाळी गमतीनं जाहीर केलं होतं. पुऱ्या गार होत होत्या. ते मायेनं म्हणाले, "बाळ, हे सगळं खोटं खोटं आहे."

"सर, खोट्यात तरी मला न्हाई म्हणू द्या की."

पाच मिनिटांची सुट्टी जाहीर झाली. ती पाणी प्यायला गेली आणि परत येईपर्यंत एकमत झालेलं होतं. इतिवृत्तात 'सर्वानुमते' हा शब्द मी लिहिला.

दुपारी ती माझ्याकडे आली. हरकत नोंदवा म्हणाली. इतिवृत्तावर सह्या झाल्यात, आता बदल होत नाही, असं मी सांगितलं. ती चिडली नाही.

"आमच्या गायरानाचा ठराव बी असाच झाला, सर. आजा मेंढरं घिऊन लांब गेलता तवा."

आंतरराष्ट्रीय कायद्यात असं होत नसतं, अशी मी तिची समजूत घातली. बोलताना तिच्याकडे मात्र बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं आपली हरकत कागदावर लिहून फलकावर लावली. शिक्का नाही म्हणून शिपाईमामांनी ती काढली. ती कार्यालयात गेली, तिथं लिपिकानं न वाचताच शिक्का मारून दिला. आता जणू महाविद्यालयाचाच खाणकामाला विरोध. प्राचार्यांनी मला बोलावलं. शिक्क्याचा कागद उतरवायचा तर समितीची बैठक घ्यावी लागेल, असं मी म्हटलं. बैठक म्हणजे पुन्हा जेवण आलं. ते म्हणाले, राहू दे.

कागद परीक्षेपर्यंत तिथंच होता. उत्कृष्ट प्रतिनिधीचं बक्षीस व्यापाऱ्याच्या मुलाला गेलं. तिला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर तिच्या देशाचं नाव चुकीचं छापलं होतं. सही करताना तेवढं मी पेनानं दुरुस्त केलं.