पिशवीसकट पुण्य

पलूसच्या पलीकडं, उसाच्या फडांत बुडालेल्या त्या गावात मंगलचं घर विचारलं, की बायका पदरात हसून सांगायच्या, "ती पिशवीवाली व्हय? सरळ जावा. फकस्त हातात कॅरीबॅग असंल तर हितंच सोडा. कुत्रं चावत न्हाई त्यांचं, तीच चावती."

यातली निम्मी थट्टा होती. उरलेली निम्मी मंगलच्या नवऱ्यानं, म्हणजे फौजेतून पेन्शनीवर आलेल्या तानाजीनं स्वतः भोगली होती. तालुक्याहून भजी आणली, तर ती बाहेरच कट्ट्यावर पितळीत ओतून घ्यायची आणि पिशवी दुकानदाराला परत द्यायला जायचं. "बॉर्डरवर बी एवढं चेकिंग नव्हतं," तो म्हणायचा. "तितं गाय मरत नव्हती," मंगल म्हणायची, आणि तानाजी गुपचूप भजी खायचा.

कारण गाय मेली होती, ही काही थट्टा नव्हती. चंद्री. खिल्लार, दुधाला बेताची, पण माहेरून आलेली. पोट फुगून फुगून दावणीतच आडवी झाली. डॉक्टरनं पोट फाडलं आणि आतनं आख्खा आठवडी बाजार निघाला. दुधाच्या पिशव्या, कुरकुऱ्यांचे कागद, सुतळी. आणि तळाशी एक पांढरी पिशवी, गाठ जशीच्या तशी. आत काळपट झालेला लगदा, पुरणपोळीचा.

गावात ही रीत कुणी काढली देव जाणे. पूर्वी सणाला गाईचा नैवेद्य पानावर यायचा, गाईच्या तोंडाला हात लागायचा. आता बायका शिकल्या, साड्या भारी झाल्या, गाईची लाळ हाताला नको वाटू लागली. पोळी पिशवीत घालायची, वर माशी बसू नये म्हणून गाठ मारायची, लांबूनच दावणीत टाकायची आणि तिथूनच नमस्कार करायचा. गाय बिचारी गाठ कशानं सोडणार? ती पुण्य पिशवीसकट गिळते.

त्या गाठीची पोळी कुणाची, हे मंगलला ठाऊक होतं. गोठ्याचं अंगण दोन घरांत एकच. पलीकडच्या दारात थोरली जाऊ शालूबाई, आणि दावणीत पोळी पडायची ती त्याच दारातून. पण थोरलीला तोंडावर काय बोलणार? मंगलनं राग गिळला आणि घरात काढला. दुधाला डबा, बाजाराला जुन्या लुगड्याची पिशवी, भांड्याला राख आणि काथ्या, अंघोळीचं पाणी परसातल्या अळवाला. चंद्रीची कालवड मोरी तेवढी मागं राहिली होती. तिला काही झालं, तर चंद्रीचं दावंच गोठ्यातून उठणार होतं.

संक्रांत आली. शालूबाईच्या हळदी-कुंकवाला गल्ली लोटली. वाण काय, तर प्लॅस्टिकचा डबा, वर चमचमता प्लॅस्टिकचा कागद, त्यावर प्लॅस्टिकचंच फूल. मंगलनं ओठ आवळून ते घेतलं. वाण नाकारायचं नसतं. नाकारलं तर देणारीच्या कुंकवाचा अपमान.

घरी येते तर अंगणात मोरी मान हलवत काहीतरी चघळत होती. ओठाबाहेर पांढरं टोक.

मंगलनं डबा फेकला, कालवडीचा जबडा धरला आणि कोपरापर्यंत हात घातला. मोरीनं दात लावले, हाताला रक्त आलं, पण पिशवी निघाली. गाठ. आत गुळाची पोळी.

ती तशीच, लाळेनं आणि रक्तानं भरलेला हात घेऊन शालूबाईच्या दारात गेली. आत बायका उखाण्यात रमल्या होत्या.

"आक्का, ही पोळी तुमची का?"

"आगं, सणाची गाईला दिली. त्यात काय?"

"गाईला दिली का गाय मारायला दिली?"

शालूबाईची सून संयोगिता पुढं झाली. "काकी, सणासुदीचं काय बोलताय? आमी काय मुद्दाम केलं व्हय?"

"चंद्रीच्या पोटात बी मुद्दाम न्हवती गं. तरी मेलीच की ती."

"थोरलीला दारात येऊन बोलतीस?" शालूबाईचा आवाज चिरकला. "पुण्याचं काम केलं, त्याचं पाप काढतीस? आमच्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावू नगंस!"

"लावत न्हाई. पर तुमचा पाय माझ्या उंबऱ्याला लागंल. रथसप्तमीला माझं हळदी-कुंकू हाय, आवतान देऊन चाललेय."

तानाजीनं रात्रभर समजावलं. थोरल्या भावाशी वाकडं नको, अंगण एक, विहीर एक. मंगल एकच म्हणाली, "मोरी बी एकच हाय."

दुसऱ्या दिवसापासून ती पाटी घेऊन फिरायला लागली. उकिरडा, ओढ्याचा काठ, देवळामागं गाई बसतात ती जागा. सापडली गाठीची पिशवी, की उचल, धू, वाळव. गल्लीत चर्चा, की तानाजीच्या बायकोला भंगाराचं येड लागलं.

रथसप्तमीला बायका आल्या. भांडणानंतर काय होतंय, हे बघायला तर जरा जास्तच आल्या. शालूबाईही आली. न येऊन सांगते कुणाला? सवाष्णीनं आवतान मोडायचं नसतं. मंगलनं हळद-कुंकू लावलं, पळसाच्या द्रोणात तिळगूळ दिला आणि प्रत्येकीच्या ओटीत वाण घातलं. लुगड्याची शिवलेली पिशवी, आत धुऊन घडी घातलेल्या गाठीच्या पिशव्या.

"ह्ये काय गं, मंगल?" राहीबाई नाक मुरडून म्हणाली. "कचरा वाण देतीस?"

"कचरा कशानं? तुमचंच पुण्य हाय, मावशी. गाईपाशी पडलं हुतं, धुऊन परत दिलं. वाण नाकारायचं नसतं, म्हनं."

एकीनंही खाली ठेवलं नाही. ठेवता येत नव्हतं. शालूबाई पदर सावरत, वाण छातीशी धरून तरातरा निघून गेली आणि दाराची कडी वाजली.

बोलणं बंद झालं ते झालंच. गल्लीनं मंगलला बारा गावांची नावं ठेवली. पण माघी पुनवेला सकाळी मंगल दावणीत वाकली, तर मोरीपुढं पळसाचं पान होतं, वर पोळी. पिशवी नाही. पलीकडं शालूबाई पाठ करून अंगणात उभी, संयोगितेवर ओरडत दुधाच्या धुतलेल्या पिशव्या दोरीवर वाळत घालत होती.

तानाजी म्हणाला, "आता तरी राग सोड की गड्या."

मंगलनं पोळी कुस्करून मोरीला चारली, तोंडावरनं हात फिरवला आणि पलीकडं बघून फणकारली, "सोडते. पर ती दोरी बघा की. ती बी प्लॅस्टिकचीच हाय मेली!"