काकू, एक तरी दारुडा ठेवायचा होता!

प्रिय ईशान आणि तन्वी,

ती बाई मीच.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलत होतात, म्हणून तेव्हा सांगता आलं नाही. तुमच्याकडच्या मराठी मंडळात तो मोठा नट आला आणि "मला दारुडा केलं ते रत्नागिरीतल्या एका काकूंनी" असं सांगून त्याने सगळा हॉल हसवला. "आजी, कोण गं ती भयंकर बाई?" असं तन्वीने विचारलं. शेजारी बसलेले तुमचे आजोबा तेव्हापासून हसताहेत. त्यांनी त्यांच्या पद्धतीने सांगण्याआधी (त्यांच्या पद्धतीत मी दर वेळी थोडी अधिक जाड होते) मी सगळं क्रमवार लिहून काढते. त्याचं नाव लिहीत नाही. आता ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा कुणालाच नव्हतं.

त्या काळी घराच्या तळमजल्यावर आपलं 'हॉटेल सुरंगी' होतं. पाटीवर हॉटेल, आत परमिट रूम. ते आजोबा चालवत. मी शाळेत इंग्रजी शिकवायची आणि त्या दाराच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. एका मे महिन्यात आजोबा हातखंब्याच्या वळणावर स्कूटरसकट घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला.

"आठ दिवस नुसती गल्ल्यावर बस," ते म्हणाले. "दत्ताराम सगळं बघतो. तू काहीही करू नकोस."

काहीही न करणं मला कधी जमलेलं नाही!

गल्ल्यामागे पाटी होती : 'परवान्याशिवाय मद्य मिळणार नाही'. आणि खालच्या खणात परवान्याच्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा. त्याला वाळवीसुद्धा लागली नव्हती. (तिलाही त्याचा काही उपयोग वाटला नसावा.)

"दत्ताराम, हे भरून का घेत नाही आपण?"

दत्ताराम माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथे वाढपी होता. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "वैनी, ती पाटी हाय. पाटी लावायची असते."

मी फॉर्म वाटायला सुरुवात केली. पहिले आले बाळू तांडेल, बोटीवरून सुट्टीवर आलेले, आमचे रोजचे गिऱ्हाईक.

"वैनी, मी रोज येतो ओ!"

"म्हणून रोज भरायचा."

त्यांनी बिचाऱ्यांनी भरला. मी लाल पेनाने तपासून परत दिला. व्यवसायाचा रकाना कोरा, तारीख नाही, सही समासाच्या बाहेर! तिसऱ्यांदा परत दिल्यावर बाळूभाऊंनी मला हात जोडले आणि रस्ता ओलांडून समोरच्या बारमध्ये गेले. बुधवारी आजोबांचा पाय बांधणारे डॉक्टरच मित्रांना घेऊन आले. मद्य प्रकृतीसाठी हवं आहे, असं त्या फॉर्मवर छापलेलं होतं. मी खऱ्या काळजीने विचारलं, "डॉक्टर, तुमच्या प्रकृतीला झालंय तरी काय?"

डॉक्टरही रस्ता ओलांडून गेले.

गुरुवारी बाराही टेबलं रिकामी. मला फार प्रसन्न वाटलं. आजोबा वरच्या खिडकीतून समोरची गर्दी बघत होते आणि माझ्याशी बोलत नव्हते.

फक्त कोपऱ्यात एक काटकुळा तरुण लिंबू सरबत आणि वही घेऊन बसलेला असे. तो त्या दिवशी गल्ल्यापाशी आला. डोळ्यांत पाणी.

"काकू, इथे कुणी पीत का नाही?"

"शिस्त आहे."

"अहो, पण माझं वाटोळं झालं!"

मुंबईच्या एका हौशी नाटक मंडळीबरोबर तो आला होता. शनिवारी चारला प्रयोग. त्याला पहिल्यांदाच बोलायचं काम मिळालेलं, तेही दारुड्याचं! आणि त्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, आईची शपथ. दिग्दर्शक म्हणाले, तीन दिवस बारमध्ये बस, माणसं बघ. शुक्रवारच्या तालमीत जमलं नाही, तर काम पडदा ओढणाऱ्याला.

"मग समोर जा की."

"नुसत्या सरबतावर ते बसू देत नाहीत. काकू, एक तरी दारुडा ठेवायचा होता हो!"

उद्या या पोराची परीक्षा आणि त्याच्या वाचनालयाला मीच कुलूप लावलेलं! मी पदराला पिन लावली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या बारमध्ये शिरले. अर्धी माणसं उठून उभी राहिली. (माझे माजी विद्यार्थी.)

"बाळूभाऊ, परत चला. फॉर्म माफ."

बाळूभाऊ आले. मी समोर बसले, हाताची घडी घातली. "हं, करा सुरू."

पण ते जसजसे पीत गेले तसतसे ताठ होत गेले! तिसऱ्या पेगला त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. चौथ्याला करंगळी वर करून बाहेर जायची परवानगी मागितली.

"बाळूभाऊ, जरा झिंगा ना!"

"वैनी, तुमच्यासमोर नाय ओ जमत!"

"अहो, त्यात काय एवढं? असं झिंगायचं!" म्हणून मी उठलेच.

कोकम सरबतापलीकडे काही न चाखलेली मी, टेबलांमधून झोकांड्या खात निघाले. पाय वाकडे टाकायचं जमलं. पण वाटेत वाकडी खुर्ची दिसली की हात आपोआप ती सरळ करी. एका बोटाने चष्मा वर ढकलत मी दत्तारामपुढे फॉर्म धरला आणि सही मागितली. कमरेखाली मी दारुडी होते, कमरेवर इंग्रजीची बाई. हसण्याचा आवाज ऐकून आजोबा एकेका पायरीवर बसत खाली आले आणि शेवटच्या पायरीवरून उठेचनात. तो मुलगा मात्र हसत नव्हता. भराभर वहीत लिहीत होता.

शुक्रवारची तालीम पार पडली. शनिवारी आम्ही पहिल्या रांगेत, आजोबांचा पाय स्टुलावर. तो रंगमंचावर आला. झिंगला नाही. झिंगायचं नाही, असा निश्चय केलेल्या माणसासारखा चालत आला. खुर्ची सरळ केली. एका बोटाने चष्मा वर ढकलला आणि दिव्याच्या खांबाला दरडावलं, "नाव, वय, व्यवसाय! आणि समास सोडा!"

आवाज हुबेहूब माझा! मागून बाळूभाऊंची शिट्टी आली. डॉक्टर रुमालाने डोळे पुसत होते. मग अख्खं थिएटर मला बघायला उठलं. ते काम पुढे कायम त्याच्याकडेच राहिलं. रविवारपासून सुरंगीत बसायला जागा नव्हती. लोक फॉर्म भरायला यायचे आणि मुद्दाम चुका करायचे. आजोबा पुन्हा माझ्याशी बोलू लागले.

आता सुरंगी नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे. दत्ताराम गेला. फॉर्मांचा गठ्ठा शेवटी वाळवीने मनावर घेतला. राहिलं आहे ते एवढंच : त्याच्या कुठल्याही सिनेमात तो दारू पिऊन आला, की आधी खुर्ची सरळ करतो. नीट बघा. जाणकार त्याला अभिनय म्हणतात. आपल्या घरात त्याला आजी म्हणतात.