अण्णांचं दुकान आणि रविवारचा वर्ग

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि दुपार मला खायला उठली, म्हणून मी बाहेरून बी.ए. करायचं ठरवलं. तत्त्वज्ञान घेण्यामागं काही मोठा विचार नव्हता. त्या विषयाचे तास रविवारी सकाळी असायचे आणि परळीहून अंबाजोगाईला जाणारी एसटी आमच्या घराजवळच थांबायची.

वर्गात आम्ही मोजकेच. शिकवायला एक निवृत्त बाई यायच्या. पहिल्या तासाला त्या म्हणाल्या, "माणसानं आधी विचारलं, हे जग कशाचं बनलंय? पाण्याचं, की अग्नीचं? ती झाली सत्तामीमांसा. मग विचारलं, जगावं कसं? ते नीतिशास्त्र. आणि मला जे कळतं ते कशावरून कळतं, हे विचारलं तेव्हा ज्ञानमीमांसा सुरू झाली. आपल्याकडं त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेत. तर्कशास्त्र सगळ्यांनाच लागतं. सौंदर्यशास्त्र पुढच्या वर्षी."

हे शब्द मला जड वाटायचे. परतीच्या एसटीत मी ते ओठातल्या ओठात म्हणत बसायचे.

घरी सासरे होते. त्यांना सगळेच अण्णा म्हणत. बाजारातल्या रस्त्यावर त्यांचं किराणा दुकान होतं. रस्ता रुंद करताना ते पाडलं गेलं आणि त्यानंतर अण्णांची स्मरणशक्ती हळूहळू जाऊ लागली. रोज संध्याकाळी ते टोपी घालून दाराशी यायचे.

"दुकानाची किल्ली कुठं हाय?"

आमचे हे सरळ सांगायचे, "अण्णा, दुकान पाडलं. रस्ता झाला तिथं."

अण्णा ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे खाली बसायचे. "मला कुणी सांगितलं न्हाई," म्हणायचे आणि मग जेवायचे नाहीत. हे घरी नसले की मी सांगायचे, "आज बाजार बंद हाय, अण्णा." तेवढ्यावर ते टोपी काढून ठेवायचे.

"तू फसवतेस त्यांना," एकदा ते ऐकून हे मला म्हणाले.

"आणि तुमी रोज त्यांचं दुकान पाडता," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी मी वर्गात हे विचारलं. दवाखान्यात काम करणारी एक मुलगी म्हणाली, त्रास होणार असेल तर खोटं चालतं. मागच्या बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले, बापाशी खोटं बोलायचं नाही, म्हणजे नाही.

"ही परिणाम बघतेय, ते कर्तव्य," बाई म्हणाल्या. "नीतिशास्त्रात हे भांडण अजून मिटलेलं नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पण अण्णांना तुम्ही दोघंही नुसतं सांगताय. सांगितलेलं ऐकून कळतं ते शब्दप्रमाण. डोळ्यांनी बघून कळतं ते प्रत्यक्ष. त्यांनी बघितलंय का कधी?"

बघितलं नव्हतं. त्यांना त्रास होईल म्हणून पाडापाडीच्या दिवसांत आम्हीच त्यांना नातेवाइकांकडं सिरसाळ्याला ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी अण्णांनी किल्ली मागितली, तेव्हा मी चप्पल घातली. "चला," मी म्हणाले.

दुकानाच्या जागेवरून आता ट्रक जात होते. समोरच्या पानटपरीवाल्यानं उठून नमस्कार केला, अण्णांना स्टूल दिलं. अण्णा बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले. ते रडतील असं वाटून मी त्यांचा हात धरला.

"दुकान पाडलं वाटतं," ते म्हणाले.

"हो, अण्णा."

"कावून?"

"रस्ता रुंद केला."

त्यांनी मान हलवली. "बरं केलं. गाड्यांना लई अडचण व्हायची." मग टपरीवाल्याला चहा सांगितला, तोही मालकाच्या आवाजात. त्या रात्री ते नीट जेवले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा किल्ली. "मग काय उपयोग झाला?" हे म्हणाले, पण अण्णांना घेऊन स्वतःच गेले. परत आले आणि ओट्यावर बसले.

"आज चिडले," हे म्हणाले. "म्हणाले, पाडायच्या आधी मला विचारायला पाहिजे व्हतं. मी म्हणालो, हो अण्णा, पाहिजे व्हतं."

"मग?"

"मग आमी चहा घेतला."

तेव्हापासून बहुतेक संध्याकाळी दोघं जातात. कधी अण्णा शांत असतात, कधी रागावतात, आणि एकदा तर रस्ता छान झाला म्हणून खूश होऊन आले. पाय दुखत असले किंवा ऊन फार असलं की मी अजूनही म्हणते, "आज बाजार बंद हाय." आता हे काही बोलत नाहीत.

परीक्षेत खरं-खोट्याच्या प्रश्नाला मी पुस्तकातलं उत्तर लिहिलं आणि पास झाले. परवा नवीन पुस्तकं आली. यांनी वरचं उचलून बघितलं.

"यात काय हाय?"

"सुंदर कशाला म्हणायचं, ते."

यांनी ओट्यावर बोट फिरवलं, गावाजवळच्या औष्णिक वीज केंद्राची करडी राख बोटाला लागली ती मला दाखवली आणि म्हणाले, "हे परळीत बसून शिकणार तू?"

मला हसू आलं. फडक्यानं ओटा पुसून मी तिथंच वाचायला बसले.