भेग आपोआप मिटते म्हणे

आमच्या घराची तपासणी दरवर्षी थंडी ओसरली की होते. कपाशीची शेवटची वेचणी उरकलेली असते, तूर घरात आलेली असते आणि आमच्या ह्यांच्या हाताला काही काम उरलेलं नसतं. मग एक दिवस सकाळी ते हात पाठीमागे बांधून घराभोवती फिरायला लागतात. घर आमचं तीन खोल्यांचं, मातीच्या गाऱ्यात विटा रचून बांधलेलं, वरून गिलावा. त्याला चक्कर मारायला दोन मिनिटं पुरतात. ह्यांना दीड तास लागतो.

एकट्यानं पाहिलेली भेग आमच्या गावात भेग धरत नाहीत. म्हणून शेजारचे भाऊजी येतात. ते स्वतःच्या घराचा दरवाजा चार वर्षांपासून खांद्यानं ढकलून उघडतात, तेव्हा अनुभव दांडगा. त्यांच्यामागून समोरच्या घरचे काका येतात. काका भिंतीवर बोटानं टकटक करून कान लावतात आणि मान हलवतात. आत काय ऐकू येतं ते त्यांनी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तिघं मिळून सगळीकडे टकटक करत शेवटी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपाशी येऊन थांबतात, कारण खरी भेग तिथंच आहे. पत्र्याच्या खालपासून पार जोत्यापर्यंत, माझी करंगळी आत जाईल एवढी.

"वाढली," भाऊजी म्हणतात.

"थोडीशीक," हे म्हणतात.

"काळ्या मातीतलं घर हाय बाप्पा," काका निकाल देतात. "उन्हात उघडते, पाण्यात मिटते. आपोआप. कायले हात लावता?"

'आपोआप' हा शब्द निघाला की सभा संपली. मग मी चहा आणायचा आणि तिघांनी उन्हात बसून सरकारच्या कारभारातल्या भेगा मोजायच्या.

काका बोलतात ते अर्धं खरं आहे. आमची जमीन कापसाची, काळी. थंडी सरून ऊन लागलं की ती सुकून फाटते, तिच्याबरोबर जोतं सरकतं आणि भिंत उघडते. पावसात तीच जमीन फुगते आणि भेग बरीचशी दबते. पण मधल्या काळात पावसाचं पाणी त्या भेगेत शिरलं, तर आतला गारा धुऊन नेतं. तिथं पाणी शिरू नये म्हणून काय करायचं आणि कोणी करायचं, हा विषय सभेपुढं कधी आला नाही.

एकदा ह्यांनी इलाज केला होता, तोही मोठ्या थाटात. लग्नाला तीनच वर्षं झाली होती. कोणाच्या तरी बांधकामातून उरलेलं सिमेंट आणलं आणि ऐन उन्हाळ्यात, भेग सगळ्यात जास्त उघडलेली असताना, ती गच्च भरली. पावसाळ्यात जमीन फुगली, भिंत मिटायला गेली, तर मधे सिमेंट पाचरीसारखं बसलेलं. भिंतीनं शेजारी दुसरी भेग पाडली. सभा भरली, टकटक झाली आणि सिमेंट डुप्लिकेट होतं असा ठराव एकमतानं पास झाला. तेव्हापासून आमच्या घरात दुरुस्ती बंद, फक्त तपासणी.

दुसऱ्या वर्षी मी ते सिमेंट खरवडलं आणि तेव्हापासून दरवर्षी भेग भरायला लागले. माझं माहेर ढाणकीकडचं, तिथंही जमीन अशीच काळी. भेग कशानं भरायची ते आईनं शिकवलं होतं. गावठाणातली पांढरी माती आणायची, त्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, आणि शेण घालून तीन दिवस भिजत ठेवायचं, मग पायानं तुडवून बोटांनी भेगेत आतपर्यंत दाबत जायचं. हा लगदा वाळला तरी थोडा दबतो, म्हणून भिंतीला मिटायला जागा मिळते. वरून चुन्याचा हात. हे बोरी अरबच्या बाजाराला गेले की मी शिडी लावायची, आणि ते परत येईपर्यंत माझे हात धुऊन झालेले असायचे.

चोरून कशाला, असं कोणी विचारील. पहिल्या वर्षी मी सांगणारच होते. पण दिवाळीच्या सुमाराला काका म्हणाले, "पाह्य, मिटली का नाई!" आणि ह्यांचा चेहरा असा फुलला की मला बोलवेना. दुसऱ्या वर्षी राग आला म्हणून सांगितलं नाही. पुढं मी हट्टालाच पेटले. जुन्या पिवळ्या भिंतीवर पांढऱ्याशुभ्र चुन्याचा पट्टा वरपासून खालपर्यंत, तोही दरवर्षी नवा. आंधळ्यालाही दिसावा. ह्यांनी एकदा, एकदाच विचारावं, की ही भेग कोणी भरली. मला दुसरं काही नको होतं.

त्यांनी विचारलं नाही. गेल्या उन्हाळ्यात माझा भाऊ आला होता. हे त्याला मागच्या भिंतीशी घेऊन गेले आणि पट्ट्यावर हात ठेवून म्हणाले, "बावा, घर म्हणजे लक्ष ठेवा लागते. हे भेग मले भेते." भाऊ माझ्याकडं पाहून मिशीत हसला, कारण तोही त्याच आईचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण बिळाला दटावणारा नागोबा मी घरातच पाळला होता. त्या वर्षी मी माती भिजवली नाही. म्हटलं, भितेच ना तुम्हाला, मग मिटवा.

पावसाळा लागला. भेग थोडी दबली, पण आत पाणी मुरत राहिलं. पोळ्याच्या आधी एका दुपारी मी अंगणात तांदूळ निवडत होते आणि मागं धडधड झालं. भिंतीच्या मध्यावरच्या विटा सुटून खाली आल्या होत्या. मी रोज भांडी घासते त्याच दगडावर. रागाच्या भरात मी कुठवर गेले होते ते मला तेव्हा कळलं, आणि कोणाला सांगताही येईना.

हे शेतातून धावत आले. आधी मला पाहिलं, मग भिंत पाहिली. सभा पावसातच भरली.

"यंदा पाऊसच बरोबर नाई पडला," काका म्हणाले.

भिंत ओली आहे, आता हात लावायचा नाही, थंडी गेल्यावर पाहू, असं ठरलं. भगदाडावर पत्रा ठोकला. सगळी थंडी तो पत्रा माझ्या पाठीमागं खडखडत राहिला आणि पहाटेच्या गार वाऱ्यात मी स्वेटरवर पदर खोचून भाकरी थापल्या. ह्यांना भाकरी गरमच मिळत होती, त्यामुळे वारा कुठून येतो याची चौकशी झाली नाही.

थंडी ओसरली. या वेळी भिंत खरंच पडलेली, म्हणून सभेनं बंजारा तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्यानं टकटक केली नाही. पत्रा काढला, उरलेल्या भेगेत खिळा घातला आणि वाळलेल्या मातीचा एक गोळा बाहेर काढून तळहातावर चुरला.

"हे कोनं भरलं?" त्यानं विचारलं.

मी दारात उभी होते. इतकी वर्षं वाट पाहिलेला प्रश्न, आणि विचारला तो परक्या माणसानं.

"आपोआप..." काकांनी सुरुवात केली.

"कुटार आपोआप जाते का भितीत?" म्हातारा म्हणाला. "चांगल्या हाताचं काम हाय. आमची याडी असंच भरे, माय माही. याच्यानंच उभी होती हे भित. मागच्या साली काहून नाई भरलं?"

सगळे ह्यांच्याकडं पाहायला लागले. ह्यांनी बराच विचार केला.

"माह्या मायनं भरलं असन," ते म्हणाले.

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. "अजी, मायले जाऊन नऊ वर्षं झाले," मी म्हटलं. "थ्या मेल्यावर शिडीवर चढत होत्या का?"

भाऊजींना एकदम घरचं काम आठवलं. काका भिंतीला कान लावायला गेले, पण तिथं भिंत नव्हती. म्हातारा गवंडी माझ्याकडं वळून म्हणाला, विटा मी लावून देतो, भेगेचं मात्र तुमचं तुम्ही पाहा बाई, ते मला तुमच्याइतकं जमायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते. हे मागच्या दारात येऊन उभे राहिले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, समोर पांढऱ्या मातीचं घमेलं, त्यात मूठभर कुटार.

"पानी किती टाकाचं व?" त्यांनी विचारलं.

बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला विचारलेली ही पहिली गोष्ट. मी उत्तर दिलं. रडू येत होतं, आणि रागही येत होता, की एवढ्याशा प्रश्नासाठी मला आख्खी भिंत पाडावी लागली.