भाईदासची घागर

रनाळ्यात आमच्या गल्लीत सुकलाल कुंभार राहतो. त्याला काही समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडे तर त्याच्या घरी ढीगभर. दुपारी चाकावर बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटतात, हात मात्र चालूच असतात. तेव्हा मेलेला बाप समोर येऊन बसतो, असं तो सांगतो. मला ते खरं वाटतं.

बापाचं नाव भाईदास. तळ्याची चांगली माती संपली, उरलेल्या मातीची मडकी भट्टीत तडकू लागली, तेव्हा म्हाताऱ्याने चाक भिंतीला टेकवलं आणि साखर कारखान्यात बॉयलरची राख वाहायला गेला. घरी यायचा तो भुवयांपर्यंत करडा होऊन. गेल्या दिवाळीनंतर वारला.

सुकलालने तीच राख आणली. कारखाना ती फेकूनच देत होता. चाळून मातीत मिसळली, तशी मडकी तडकायची थांबली. नंदुरबारच्या बाजारात त्याचे माठ जाऊ लागले. त्याची आई नानीबाई मात्र त्या माठातलं पाणी पीत नसे.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांसाठी नवी घागर भरतात. भाईदासची ही पहिलीच. सुकलालने घागर पुढे ठेवली, तर आई म्हणाली, "तुन्हा बाप मरेतोवर ती राख वाहत ऱ्हायना. आते मरावर बी तीच पाजशी का?"

"दुसरी माती नही शे, माय."

कुंभाराच्या घरी विकतची घागर कशी चालेल? तिने गव्हावर तीच मांडली, वर खरबूज ठेवलं आणि तोंड फिरवून बसली. सुकलालचा जीव टांगणीला लागला. बाप हे पाणी घेईल की नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

उन्हात समोरची गल्ली हलत होती. सुकलालच्या ओसरीवर आम्ही शेजारीपाजारी सगळेच पेंगलो. जाग आली तेव्हा घागरीतलं पाणी बरंच खाली गेलेलं आणि खालचे गहू ओले. बापाच्या घागरीला चीर नको म्हणून सुकलालने मूठभर राख जास्तच घातली होती, ती नडली. बिचारा ओशाळला. काही बोलणार, तोच नानीबाई म्हणाली, "कुंभारनी बायको शे मी. पाझरी ऱ्हायनी, समजस माले."

तिने घागरीवरून हात फिरवला आणि ओला तळवा डोळ्यांना लावला.

"तरी बी तो पी ग्या. घागर आखो एकदाव भर."